जुना पॉवर टिलर नाहीतर छोटा ट्रॅक्टर उभा करताय? आधी रंगाचा डबा बाजूला ठेवा

पुण्यातले ओळखीतले बरेच जण हल्ली जुन्नर-नारायणगावकडून, सासवडकडून, शिरूर-दौंडकडून जुना पॉवर टिलर (मागून हाताने धरून चालवायचं मशागतीचं यंत्र) नाहीतर द्राक्षबागेत फिरलेला अरुंद छोटा ट्रॅक्टर उचलून आणतात, आणल्या आणल्या धुतात, घासतात, रंग मारतात आणि मग चालू करायला जातात. तिथंच सगळं उलटं होतं. इंजिन उघडावं लागतं, नव्या रंगावर पाने (स्पॅनर) घसरतात, डिझेल सांडून रंग उकलतो आणि दोन महिन्यांची मेहनत वाया जाते. माणसं हुशार असतात, हत्यारंही चांगली असतात, फक्त क्रम चुकतो. म्हणून इथे क्रमावरच जोर दिलाय.

मी धरून चाललोय की तुमच्याकडे एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं, हँडल मारून चालू होणारं डिझेल इंजिन आहे. आपल्याकडे जुन्या टिलरमध्ये सगळ्यात जास्त मित्सुबिशी शक्ती दिसतो, १३ एचपी, आडवा सिलिंडर. कुणी कुणी किर्लोस्करचं ५ एचपीचं उभं इंजिन बसवलेलं देशी जुगाड पण आणतात. काम करायची पद्धत दोन्हीला तीच, मापं वेगळी. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल किंवा पार्ट बुक आधी मिळवा, झेरॉक्स असली तरी चालेल, आणि जिथे माझं माप आणि मॅन्युअलचं माप वेगळं येईल तिथे मॅन्युअल खरं.

## टप्पा १: घेण्याआधी अर्धा तास

शेतकरी सांगतात, "घ्या की दादा, नुसतं डिझेल टाकलं की पळतंय." ते खोटं बोलत नसतात, त्यांनी शेवटचं चालवलं तेव्हा ते पळतच होतं. पण मधे तीन पावसाळे गेलेले असतात.

बघायचं एवढंच. डिकॉम्प्रेशन लिव्हर (वॉल्व्ह थोडा उघडा धरून आतला दाब सोडणारा) उचलून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, हाताने फिरतं का. फिरत असेल तर लिव्हर सोडून हळू फिरवा, कॉम्प्रेशनला अडून मागे उसळी मारली तर रिंगा-वॉल्व्ह बऱ्यापैकी जागेवर आहेत. ऑइलची काडी काढा, ऑइल दुधाळ म्हणजे चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ब्लॉकला आणि पाण्याच्या टाकीखाली वेल्डिंग किंवा एमसीलचे थर आहेत का बघा. गिअरबॉक्सला तडा असेल तर सोडून द्या, सौदा कितीही स्वस्त असू दे, कास्टिंग परत मिळवणं फार अवघड जातं. जाम इंजिन चालेल, गंजलेला पत्रा चालेल, फुटलेलं कास्टिंग नको.

ट्रॅक्टर असेल तर आरसी बुक, चासी नंबर, इंजिन नंबर तिघांचा मेळ घाला आणि कर्जाचा बोजा आरसीवर राहिलाय का तेही बघा. ट्रॅक्टरचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे फिटनेस करून ५-५ वर्षांनी वाढवावं लागतं, तेव्हा रस्त्यावर आणायचा विचार असेल तर कागद आधी, टोकन नंतर.

पैशांचं माझं मत सांगतो, खरेदीला जेवढे गेले तेवढेच परत बाजूला ठेवा. नसतील तर थांबा. अर्धवट उघडून दोन वर्षं पडलेलं मशिन न उघडलेल्यापेक्षा जास्त खराब होतं.

## टप्पा २: जागा, हत्यारं आणि फोटो

सपाट, कोरडी, हवा खेळती जागा पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगमधे हे काम होत नाही, प्रयत्न करू नका, डिझेलच्या वासावरून भांडणं होतात आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच. धायरी, वाघोली, लोणी काळभोर असल्या भागात कुणाचं शेड भाड्याने मिळालं तर उत्तम.

रिंग पाने आणि फिक्स पाने ८ ते ३२, बॉक्स पाना सेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने नट आवळायचा), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दोन-तीन मापांचे पुलर, पितळेचा किंवा लाकडी हातोडा, जॅक आणि दोन मजबूत घोड्या (मशिन टेकवायचे स्टँड). टॉर्क पाना महाग वाटतो म्हणून बरेच जण टाळतात, तो आणि फिलर गेज या दोनच गोष्टी उधारीवर आणायच्या नाहीत, स्वतःच्या घ्या. बाकी हत्यारं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी सकाळी लवकर गेलात तर चांगली जुनी मिळतात. फक्त बॉक्स पान्याचे कोपरे झिजलेले नाहीत ना ते बोट फिरवून बघा.

आता फोटो. प्रत्येक बाजूने, प्रत्येक लिव्हरच्या दांड्या, प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो, स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलीय. गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचे फोटो तर चार जास्तच काढा कारण दुकानात कुणालाच आठवत नसतं ती कुठल्या भोकात होती. नट-बोल्ट एका डब्यात टाकायचे नाहीत. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी, आत चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई डिझेलने जाते.

जपून: जॅकवर उभ्या मशिनखाली हात-पाय घालायचा नाही. घोड्या लावा, चाकाला लाकडी ठोकळे लावा, मगच. विटा लावू नका, वीट एकदम फुटते.

## टप्पा ३: सगळं खाली करा, पण बघत बघत

ऑइल, डिझेल, पाणी, गिअर ऑइल, चारही काढायचे. पण नुसतं गटारात सोडायचं नाही, पारदर्शक डब्यात घ्या आणि एक रात्र ठेवा.

इंजिन ऑइलचा बोल्ट अगदी हळू सैल करा. आत पाणी असेल तर ते खाली बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. चमकणारी चांदीसारखी पूड दिसली तर बेअरिंगचा संशय, लोहचुंबकाला चिकटली तर लोखंड, म्हणजे पिस्टनची रिंग, लायनर (सिलिंडरची आतली नळी) नाहीतर गिअर. गिअर ऑइल चहासारखं निघालं तर सील गेलीत, ती नंतर बदलूच, आत्ता नुसतं लिहून ठेवा.

काळं ऑइल जमिनीत किंवा नाल्यात ओतू नका. डब्यात साठवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या, जवळच्या गॅरेजवाल्याला तो माणूस माहीत असतो.

## टप्पा ४: इंजिन हाताने मोकळं करा

इंजिन फिरत असेल तर हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. जाम असेल तर आठवडा धरा, आणि हा आठवडा वाचवायला जाऊ नका.

नोझल, म्हणजे सिलिंडरमधे डिझेल फवारणारा भाग, काढा. त्या भोकातून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल) निम्मं निम्मं मिसळून एक वाटीभर आत सोडा. आडवा सिलिंडर असेल तर पातळ द्रव एका बाजूला साचतो, म्हणून शक्य असेल तर मशिन थोडं तिरकं करून ठेवा म्हणजे पिस्टनच्या कडेला सगळीकडे पोचेल. बाहेरच्या गंजलेल्या नट-बोल्टला त्याच दिवशी रस्टोलिन (गंज सैल करणारं तेल) मारून ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ फ्लायव्हील दोन्ही बाजूंना हलवून बघायचं, जोर लावायचा नाही, नुसतं हलवायचं. एक दिवस केसभर हलतं, दुसऱ्या दिवशी बोटभर. मग सोपं.

इथे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे हँडलला चार फुटी पाइप लावून झटका मारणं किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणं. रिंगा लायनरला गंजून चिकटलेल्या असतात, त्या सुटत नाहीत, तुटतात, आणि तुकडा लायनरवर रेघ ओढत जातो. दहा दिवसांत सुटत नसेल तर हेड काढा आणि लाकडी ठोकळा ठेवून पिस्टनवर हलके ठोके द्या. सरळ हातोडा पिस्टनवर नको, ॲल्युमिनियमचा असतो तो.

गंजलेल्या नटाचं पण असंच. आधी अगदी थोडा घट्ट करायच्या दिशेने फिरवा, 'टिक' आवाज आला की उलटा. नाही आला तर अजून दोन दिवस रस्टोलिन.

तपासणी: डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन पूर्ण दोन फेरे सहज फिरलं पाहिजे, कुठे अडता कामा नये. दोन फेरे का, तर चार स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं आणि वॉल्व्ह अडकला असेल तर तो दुसऱ्या फेऱ्यात पण कळतो. टॅपेट कव्हर (वॉल्व्हवरचं झाकण) उघडून दोन्ही वॉल्व्ह वर-खाली होताना डोळ्यांनी बघा.

## टप्पा ५: डिझेलची लाइन, टाकीपासून नोझलपर्यंत

ज्यांचं इंजिन "काही केल्या पेटत नाही" त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं इथेच असतं.

टाकी काढून घ्या. आत टॉर्च मारून बघा, गंज आणि डांबरासारखा थर असतो. लोखंडी टाकीला १ लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूफूल, असं करून भरा, रात्रभर ठेवा. सकाळी ओता, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर आम्ल राहून परत गंज धरतो. लगेच उन्हात वाळवा आणि वाळल्या वाळल्या आत थोडं डिझेल फिरवून ठेवा. ॲल्युमिनियमच्या टाकीला हे करू नका. आत दगड-खिळे घालून हलवायची पद्धत आहे, मी करत नाही, टाकीचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो.

रबरी पाइप सगळे नवे. वरून चांगले दिसले तरी नवे. जुना पाइप आतून सुटतो आणि त्याचे पापुद्रे फिल्टरमधे जाऊन बसतात. फिल्टर नवा, कॉकची जाळी साफ.

नोझलला डिझेल देणारा पंप शक्यतो जागेवरून काढू नका. काढावाच लागला तर त्याच्याखाली पातळ पत्र्याच्या किंवा कागदाच्या शिम असतात त्या मोजा, त्यांची जाडी लिहा आणि तेवढ्याच परत लावा. या शिमवर इंजेक्शनचं टायमिंग ठरतं. एक शिम हरवली तर डिझेल लवकर पडतं आणि हँडल मारताना इंजिन उलटं झटकतं. माझ्याच पहिल्या टिलरला एका मेकॅनिककडे पंप उघडला तेव्हा शिम फरशीवर राहिली, आणि मी पंधरा दिवस गव्हर्नरशी झटत बसलो. तेव्हापासून शिम मी स्वतः काढतो आणि पाकिटात ठेवतो.

नोझल टेस्टरवर चेक करून घ्या, नाना पेठेत आणि भोसरीला पंप-नोझलची कामं करणारे आहेत. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडतं. फवारा धुक्यासारखा पाहिजे, टोकाला थेंब लटकता कामा नये.

जपून: फवारा उडवणाऱ्या नोझलसमोर बोट धरायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते पण आत विष पसरतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

मग एअर, म्हणजे लाइनमधे अडकलेली हवा, काढायचा, आणि क्रमानेच. आधी टाकीत डिझेल भरून कॉक उघडा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग धार आली की घट्ट करा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलच्या पाइपाचा नट सैल, रेस पूर्ण, हँडल फिरवा, डिझेल उसळायला लागलं की नट घट्ट. उलटा क्रम केला तर मागचा एअर परत पुढे येतो आणि तुम्ही दिवसभर हँडलच मारत बसता. नोझल बसवल्यावर हळू हँडल फिरवताना 'कर्र' असा आवाज आला म्हणजे डिझेल आत पडतंय.

## टप्पा ६: पहिलं स्टार्ट, आहे त्याच अवस्थेत

हो, इंजिन न उघडता. मोकळं फिरतंय, कॉम्प्रेशन आहे, ऑइलमधे पाणी नव्हतं, तर आधी चालू करूनच बघा. चालतं इंजिन स्वतःच सांगतं काय उघडायचंय. ऑइलमधे पाणी किंवा धातूची पूड सापडली होती त्यांनी मात्र हा टप्पा सोडून थेट सातवर जा.

नवं ऑइल भरा, मॅन्युअलच्या ग्रेडचं, काडीच्या वरच्या खुणेच्या वर नाही. पाणी भरा. पुण्यात बोअरचं पाणी जड असतं, जॅकेटमधे (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) क्षार साठतात, म्हणून आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. टॅपेट सेट करा, म्हणजे वॉल्व्हवरची फट फिलर गेजने जुळवा, थंड इंजिनवर, कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन वर असताना. त्या जागी दोन्ही टॅपेट सैल लागतात. एक घट्ट असेल तर तुम्ही एक फेरा चुकलाय, अजून एक फेरा फिरवा. पट्टे काढून ठेवा, गिअर न्यूट्रल. डिकॉम्प्रेशन उचलून वीस-तीस फेरे फिरवा म्हणजे ऑइल वर पोचेल.

आता ही गोष्ट कुणी करत नाही आणि करायलाच पाहिजे: इंजिन सुसाट सुटलं तर बंद कसं करायचं ते आधी ठरवा. बरीच वर्षं पडलेल्या पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) सुकलेल्या डिझेलने चिकटतो, रेस कमी केली तरी इंजिन वाढतच जातं आणि फ्लायव्हील फुटेपर्यंत जाऊ शकतं. म्हणून रॅक हाताने मोकळा हलतो ना ते बघा, एअर क्लीनर काढून ठेवा, आणि हवा आत जाते त्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी हाताशी ठेवा. फळी दाबली की हवा बंद, इंजिन बंद. हाताचा तळवा लावायचा नाही. एक माणूस फळी घेऊन उभा, दुसरा हँडल मारतो, तिसऱ्याला जवळ उभं राहू देऊ नका, पोरांना तर अजिबातच नाही.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, वळसा घालून मूठ करू नका. उलटा झटका आला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, अंगठा अडकला तर मनगट मोडतं.

लिव्हर उचला, जोरात फिरवा, वेग आला की लिव्हर सोडा. पेटलं की कमी रेसवर ठेवा. ऑइल प्रेशरची खूण असेल तर ती काही सेकंदांत आली पाहिजे, नाही आली तर लगेच बंद. शेडचं दार उघडं असू द्या, धूर कोंडला की जीवावर बेततं.

तपासणी: पाच-दहा मिनिटं चालू ठेवून लिहून काढा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण पहिली काही मिनिटं तुम्हीच आत घातलेलं एटीएफ जळत असतं, तेवढं सोडा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि डोळे झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. पाण्याच्या टाकीत सलग बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ठोक्याचा जड आवाज आला तर बंद करा, परत चालू करू नका.

## टप्पा ७: आता उघडा, लागेल तेवढंच

यादी समोर ठेवून उघडा. नुसतं गॅस्केट गेलं असेल तर हेडच काढायचं, "उघडलंच आहे तर" म्हणून क्रँकपर्यंत जायचं नाही. रिंगा बदलणार असाल तर लायनर बोअर गेजने मोजून घ्या, डोळ्यांनी कळत नाही. नवी रिंग लायनरमधे एकटी सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने मोजा, ९५ मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) साधारण ०.३ ते ०.४ मिमी पाहिजे. दुकानातून आणून तशीच बसवली आणि फट नसली, तर गरम झाल्यावर रिंग फुगून जाम होते.

हेडचे नट समोरासमोरचे, आडवे-तिडवे, तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने. गॅस्केटला वरून सिलिकॉन फासायचं नाही, आत सांडलेला तुकडा ऑइलचं भोक बंद करतो. ऑइल सील सगळी बदला, स्वस्त असतात, नाना पेठेत जुनी सील नमुन्याला घेऊन गेलात की आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बघून देतात.

जुन्या क्लच-ब्रेकच्या लायनिंगमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

## टप्पा ८: चाकं, पट्टे, लिव्हर

पट्टे एकदम सगळे बदला, एक नवा आणि बाकीचे जुने लावले तर सगळा भार नव्यावर येतो. केबली नव्या. टिलरचा स्टिअरिंग क्लच सुटतोय ना ते शेतात नाही, शेडमधेच बघा.

चाकाची रिम दोन तुकड्यांची बोल्टने जोडलेली असेल तर आधी सगळी हवा काढा, व्हॉल्व्हची पिन काढा, मगच बोल्टला हात लावा. हवा असताना बोल्ट सोडले तर रिम उडते, माणूस दगावतो.

## टप्पा ९: रंग, सगळ्यात शेवटी

मशिन कमीत कमी दहा तास चाललेलं, कुठेही गळत नाही, असं झालं की रंग. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचे दिवस पुण्यात रंगाला चांगले, हवा कोरडी असते. जुलै-ऑगस्टमधे मारलेला रंग आतून फुगतो.

आधी केरोसीन किंवा डीग्रीझरने तेल काढा, मग घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ओलं घासा आणि मास्क लावा. कंपनीची इंजिन-चासी नंबरची प्लेट, ग्रीस निपल, रबर, ऑइलची काडी यांना टेप लावा. ती प्लेट घासून टाकणारे पाहिलेत मी, फार वाईट वाटतं, मशिनची ओळखच तेवढी असते. रेड ऑक्साइड मारून महिनाभर तसंच ठेवू नका, तो ओल शोषतो, एक-दोन दिवसांत वरचा रंग द्या. सायलेन्सरला उष्णता सोसणारा सिल्व्हर रंगच.

## टप्पा १०: नंतरची देखभाल

रिंगा बदलल्या असतील तर पहिलं ऑइल मी ५ तासांनी बदलतो, दुसरं २५ तासांनी, मग मॅन्युअलप्रमाणे. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर त्यातलं ऑइल खुणेपर्यंतच, जास्त भरलं तर इंजिन तेच ओढून सुसाट सुटू शकतं. गरम इंजिनच्या पंपावर गार पाणी मारू नका, आतला प्लंजर जाम होतो.

पावसाळ्याआधी डिझेलची टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दव धरत नाही, सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात आणि पाणी थेट वॉल्व्हवर जातं. महिन्यातून एकदा हाताने दोन फेरे फिरवा आणि पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून ठेवा, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद राहतात आणि आत ओल जात नाही.

खंडेनवमीला पूजेसाठी चालू करायचं असतंच सगळ्यांना. त्याच्या आठ दिवस आधी ऑइल बघा, टाकीच्या तळाचं वाटीभर डिझेल काढून त्यात पाणी आहे का बघा, एअर काढा, फळी कुठे ठेवलीय ते शोधा. हार घालायचा तो इंजिन बंद केल्यावर, आणि फ्लायव्हीलपासून लांब.